एक्सपी आत, उबंटू बाहेर: जॉबच्या फाइली कुणाच्या घरात ठेवायच्या?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. तुमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, वर्षातून एखादा दिवाळी अंक. जुनी बरीच कामं पेजमेकर ७ या पानं मांडायच्या (डीटीपी) सॉफ्टवेअरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत अडकलेली आहेत. जुना पीसी बसला, म्हणून नव्या मशीनवर उबंटू (लिनक्स), त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम, आणि त्यात विंडोज एक्सपी असं मांडलंत. जॉबचा अख्खा फोल्डर उबंटूवर ठेवला आणि एक्सपीला तो 'शेअर्ड फोल्डर' म्हणून दिला. आता तीन तक्रारी आहेत. जास्त फोटोंची फाइल उघडायला आणि सेव्ह व्हायला फार वेळ लागतो. शेजारच्या विंडोज १० मशीनवर तोच फोल्डर साम्बातून (उबंटूवरचे फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला देणारा प्रोग्रॅम) उघडला की कधी जुनी फाइल दिसते, कधी नवी, आणि एकदा तर दुरुस्त केलेली पानं गेलीच. मग एक्सपीलाही साम्बानेच जोडू म्हणालात, तर ते जोडलंच जाईना. त्यावर कुणीतरी सांगितलं, 'एसएमबी-१ चालू करा, होईल.' म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची विंडोजची जुनी बोली. करू का, असं तुम्ही विचारताय.

नका करू. आणि शेअर्ड फोल्डर की साम्बा यावर डोकं घालण्याआधी वेगळीच गोष्ट ठरवा: काम चालू असताना फाइल कुणाच्या घरात राहणार? तुमच्या आजच्या मांडणीत फाइल उबंटूच्या घरात आहे, काम एक्सपी करतंय, आणि विंडोज १० मागच्या दाराने येऊन तीच फाइल उचलतंय. तिन्ही तक्रारी तिथूनच आल्यात.

आधी संथपणाचं बघू. व्हर्च्युअलबॉक्सचा शेअर्ड फोल्डर एक्सपीमध्ये नेटवर्क ड्राइव्हसारखा दिसतो, पण तिथे नेटवर्क नसतं. एक्सपीत बसवलेले गेस्ट अॅडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचे मदतनीस प्रोग्रॅम, प्रत्येक विनंती व्हर्च्युअल मशीनच्या भिंतीतल्या खिडकीतून होस्टकडे, म्हणजे उबंटूकडे, सरकवतात. फाइल उघड, आकार सांग, तारीख सांग, एवढे बाइट दे, बंद कर. प्रत्येक विनंतीला एक फेरी. ५०० एमबीची एकच फाइल कॉपी केलीत तर फारसं जाणवत नाही, कारण फेऱ्या थोड्या आणि प्रत्येक फेरीला माल भरपूर. पण १४० फोटो लिंक केलेला अंक उघडलात, की प्रत्येक फोटो जागेवर आहे का, बदललाय का, हे विचारायलाच शेकडो फेऱ्या होतात. त्यात डीटीपी सॉफ्टवेअर काम चालू असताना फाइलच्या आत थोडं-थोडं लिहीत राहतं. रॅम वाढवून यात फरक पडत नाही. तुम्ही रॅम वाढवून बघितलीच असेल म्हणून सांगतो.

पानं गेली त्याचं कारण वेगळं आहे आणि जास्त गंभीर आहे. एकाच फोल्डरला तुम्ही दोन दारं ठेवलीत. विंडोज १० साम्बाच्या दारातून येतं. 'ही फाइल अमक्याने उघडली आहे' ही नोंद साम्बा स्वतःच्या वहीत करतो. एक्सपी येतं व्हर्च्युअलबॉक्सच्या दारातून, आणि व्हर्च्युअलबॉक्स साम्बाची वही उघडून बघत नाही. उबंटूच्या दृष्टीने तो तुमच्या लॉगिनखाली चालणारा एक साधा प्रोग्रॅम आहे, हवी ती फाइल थेट लिहिणारा. शिवाय साम्बा विंडोज १० ला फाइलचा काही भाग स्वतःजवळ ठेवून काम करायची मुभा देतो. दुसरा कुणी साम्बातून आला तर ती मुभा काढून घेतली जाते, पण साम्बाला वळसा घालून आलेल्याची खबर त्याला नेहमीच्या सेटिंगमध्ये लागत नाही. म्हणून विंडोज १० वर जुनी फाइल दिसते, तिथे कुणी सेव्ह केलं की एक्सपीतली दुरुस्ती पुसली जाते, आणि कुठेही एरर येत नाही. ती मुभा साम्बात बंद करता येते. त्याने जुनी-नवीचा घोळ कमी होईल, पण एकमेकांवर लिहिणं थांबणार नाही.

आता एसएमबी-१. एक्सपीला साम्बाशी बोलायची तेवढीच बोली येते. साम्बाने २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली आहे, आणि विंडोज १० नेही २०१७ च्या शेवटापासून ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये चालू ठेवणं सोडलं. शिवाय दुसरं कुलूप आहेच: एक्सपी पासवर्ड ज्या जुन्या पद्धतीने पाठवतं, तीही साम्बाने ४.५ पासून नाकारली आहे. म्हणजे एक सेटिंग बदललंत तरी 'पासवर्ड चुकीचा' असंच येत राहणार, तुम्ही पासवर्ड दहा वेळा बदलणार, आणि शेवटी वैतागून दोन्ही कुलुपं उघडणार. त्यातही किमान बोली कोणती चालेल हे साम्बात अख्ख्या सर्व्हरला एकच असतं, एका फोल्डरपुरतं खाली आणता येत नाही. एका एक्सपीसाठी तुम्ही अख्ख्या दुकानाचा उंबरा खाली आणाल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरसासारखं प्रकरण पसरलं ते याच एसएमबी-१ मधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टला तेव्हा, २०१४ मध्येच आधार संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा, पॅच काढावा लागला होता.

गंमत म्हणजे तुमच्याकडे याहून बरी सोय आधीपासून आहे. मघाशी म्हटलं तसं शेअर्ड फोल्डरला नेटवर्क लागत नाही. म्हणून एक्सपीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क अॅडॉप्टरची खूणच काढून टाका. इंटरनेट नाही, दुकानाचं नेटवर्क नाही, आणि शेअर्ड फोल्डर तरीही चालू. एक्सपी एका बेटावर बसेल आणि मधे एकच होडी असेल. डीटीपी सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक (परवान्याची यूएसबी किल्ली) लागत असेल तर तो यूएसबीतून आत देता येतो. त्यासाठी उबंटूवरचा तुमचा यूजर व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी ग्रुपमध्ये हवा, आणि ग्रुपमध्ये घातल्यावर एकदा लॉगआउट करायला विसरू नका.

मी तुमच्या जागी असतो तर असं मांडलं असतं.

चालू जॉब एक्सपीच्या घरात, म्हणजे एक्सपीला दिलेल्या दुसऱ्या व्हर्च्युअल डिस्कवर. विंडोजच्या सी ड्राइव्हवर नको. का ते पुढे सांगतो. ही डिस्क आयडीई कंट्रोलरला जोडा. साटाला जोडलीत तर एक्सपीला दिसणार नाही, त्याच्याकडे तो ड्रायव्हरच नसतो. आता एक बारीक गोष्ट, पण हिने दोन दिवस वाचतात: जुन्या पीसीवर जॉब कुठल्या ड्राइव्हवर होते ते आठवा. बहुतेक डी असेल. पेजमेकर लिंक केलेल्या फोटोचा पूर्ण रस्ता फाइलमध्ये लिहून ठेवतो. नव्या डिस्कलाही डी हेच अक्षर आणि आत तीच फोल्डरांची नावं ठेवलीत, तर जुने जॉब फोटोंसकट सरळ उघडतील. नाही ठेवलीत तर प्रत्येक फोटो हाताने पुन्हा जोडत बसाल. नव्याने टाकलेल्या एक्सपीत डी बहुधा सीडी ड्राइव्हने अडवलेलं असतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सीडीला झेड द्या, मग डी मोकळं होतं.

शेअर्ड फोल्डर मग फक्त देवाणघेवाणीला उरतात. मी दोन ठेवतो. एकाचं नाव 'येणे', दुसऱ्याचं 'जाणे', फक्त व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही नावं रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता लिहा. 'येणे' एक्सपीला रीड-ओन्ली. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो, मजकूर, लोगो विंडोज १० वरून साम्बाने त्यात येतात, आणि एक्सपी ते स्वतःच्या डी ड्राइव्हवर उचलून घेतं. 'जाणे' मध्ये फक्त एक्सपी लिहितं आणि विंडोज १० ला साम्बातून तो फोल्डर वाचण्यापुरता मिळतो. दारं अजूनही दोन आहेत, पण कुठल्याही फोल्डरमध्ये लिहिणारा एकच आहे, त्यामुळे एकमेकांवर लिहिण्याचा प्रश्न उरत नाही.

सेटिंगमध्ये 'ऑटो-माउंट' बरोबर 'मेक परमनंट' चीही खूण करा. मशीन चालू असताना फोल्डर जोडला आणि ती खूण करायची राहून गेली, तर मशीन बंद केल्यावर तो गायब होतो. मग सकाळी दुकानातला मुलगा फोन करतो, 'सर, फोल्डर उडाला.' फोल्डर उबंटूवर सुखरूप असतो, फक्त दार बंद झालेलं असतं.

छपाईसाठी एक्सपीला प्रिंटर जोडायच्या भानगडीत पडू नका. आत पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटर टाकून 'प्रिंट टू फाइल' करा, फाइल 'जाणे' मध्ये टाका, आणि उबंटूवर घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ करा. जुन्या फॉन्टांतली पीडीएफ डोळ्याला आणि मशीनला बरोबर दिसते. त्यातला मजकूर शोधायला किंवा कॉपी करायला गेलात तर मात्र कचरा हाती येतो. ती त्या फॉन्टांची जात आहे, इथल्या मांडणीचा दोष नव्हे.

आता सी ड्राइव्हवर जॉब का नको ते. ही चूक मी स्वतः केली आहे. एका गिऱ्हाइकाकडे मी एक्सपी नीट बसवून त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. काही बिघडलं तर मागे जाऊ, या हिशेबाने. तीन आठवड्यांनी एक फॉन्ट टाकताना विंडोज गडबडलं. मी मोठ्या ऐटीत स्नॅपशॉटवर परत गेलो, विंडोज दोन मिनिटांत टवटवीत झालं, आणि तीन आठवड्यांचे जॉबही त्याबरोबर गेले, कारण ते त्याच डिस्कवर होते. सहकारी संस्थेच्या अहवालाची ६४ पानं आम्ही छापील प्रुफावरून पुन्हा बसवली. स्नॅपशॉट मागे नेताना डिस्कवरचं सगळंच मागे जातं. कोणतं विंडोजचं आणि कोणतं तुमच्या पोटापाण्याचं, हे त्याला कळत नाही.

म्हणून जॉबची डिस्क वेगळी, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया मॅनेजरमध्ये तिचा प्रकार 'राइट-थ्रू' करा. अशा डिस्कला स्नॅपशॉट शिवत नाही, घेतानाही नाही आणि मागे जातानाही नाही. हे पहिला स्नॅपशॉट घेण्याआधीच करून टाका, नंतर निस्तरत बसावं लागतं. होस्टवरच्या शेअर्ड फोल्डरलाही स्नॅपशॉट लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या. तिथून डिलीट केलेली फाइल स्नॅपशॉटवर परत जाऊन मिळणार नाही.

डी ड्राइव्ह राइट-थ्रू केला म्हणजे त्याची प्रत ठेवणं आता पूर्णपणे तुमच्यावर. माझी पद्धत साधी आहे. तिसरा एक शेअर्ड फोल्डर, 'प्रत'. एक्सपीच्या डेस्कटॉपवर एक बॅच फाइल, तिच्यात एक्सकॉपीची एक ओळ: डी ड्राइव्हवरचं, उपफोल्डरांसकट, फक्त नवं किंवा बदललेलं तेवढं 'प्रत' मध्ये. दुकान बंद करताना तिच्यावर डबलक्लिक, मग एक्सपी शटडाउन. उबंटू रात्री 'प्रत' बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेतं. व्हर्च्युअल डिस्कची अख्खी फाइलही आठवड्यातून एकदा कॉपी करा, पण मशीन पूर्ण बंद असतानाच. चालू मशीनची डिस्क कॉपी केली तर अर्ध्या लिहिलेल्या अवस्थेतली प्रत मिळते, आणि ती उघडणार नाही हे नेमकं गरजेच्या दिवशी कळतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: काम एक्सपीच्या डीवर, कच्चा माल 'येणे' मधून, तयार माल 'जाणे' मधून, रात्रीची प्रत 'प्रत' मध्ये, एक्सपीचं नेटवर्क बंद, साम्बा फक्त उबंटू आणि विंडोज १० यांच्यात, आणि एसएमबी-१ कुठेच नाही.

परवानग्यांचा एक घोळ तुम्हाला नक्की भेटेल, तो आताच सांगून ठेवतो. एक्सपीत तुम्ही अॅडमिनिस्ट्रेटर असलात तरी त्याला उबंटूवर काही किंमत नाही. शेअर्ड फोल्डरमध्ये एक्सपीने बनवलेली फाइल उबंटूवर त्याच्या नावावर चढते, ज्याच्या लॉगिनखाली व्हर्च्युअलबॉक्स चालू आहे. आज तुम्ही चालू केलं तर तुमच्या, उद्या मुलाने त्याच्या लॉगिनमधून चालू केलं तर त्याच्या. साम्बातून आलेली फाइल साम्बाच्या यूजरच्या नावावर. साम्बा आपल्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ग्रुपला फक्त वाचायची परवानगी देतो, म्हणून महिन्याने 'येणे' आवरायला बसलात की उबंटू म्हणणार, या फोल्डरातलं तुम्हाला पुसता येणार नाही. मग लोक वैतागून सगळ्या फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देतात. तसं करू नका. 'प्रेस' नावाचा एक ग्रुप करा, सगळे यूजर त्यात घाला, फोल्डरांवर सेट-जीआयडी लावा म्हणजे आत येणारं सगळं त्याच ग्रुपचं होईल, आणि साम्बात त्या शेअरसाठी फाइलला ०६६४, डिरेक्टरीला २७७५ असा मास्क (परवानग्यांची मर्यादा) द्या. साम्बाचा पासवर्ड उबंटूच्या पासवर्डपासून वेगळा असतो आणि तो वेगळा द्यावा लागतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

आणि तो पासवर्ड ठेवाच. 'दुकानातलंच मशीन आहे, पासवर्ड कशाला' म्हणून उघडा शेअर ठेवलात तर आज चालेल. उद्या विंडोज १० च्या जागी ११ आलं, तर त्याची २४एच२ ही प्रो आवृत्ती पासवर्डाविना शेअर जोडूच देत नाही.

फाइलच्या नावांबद्दल थोडं, कारण हे मराठीत काम करणाऱ्यालाच भेटतं. उबंटूच्या एक्सटी-४ या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीमध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये २५५ची मर्यादा आहे, पण ती अक्षरांच्या हिशेबाची. देवनागरीची प्रत्येक खूण युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खाते, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'लग्नपत्रिका' म्हणताना आपल्याला पाच अक्षरं वाटतात; कॉम्प्युटरला त्या ११ खुणा, म्हणजे ३३ बाइट. एकूण ८५ खुणांवर गाडी थांबते. विंडोज १० वर कुणी दोन्ही घराण्यांची नावं, गाव, तारीख आणि 'अंतिम दुरुस्तीनंतरची शेवटची' असं नाव दिलं, तर ते त्याच्या डेस्कटॉपवर सुखाने बसतं आणि साम्बात टाकताना अडतं. एरर वाचून वाटतं, परवानगीचा प्रश्न आहे. तो लांबीचा असतो.

दुसरं, 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी दिसल्या तर डोळे चोळू नका. त्यातला अर्धा र दोन-तीन प्रकारे लिहिता येतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. जुन्या मॅकवर फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून आलेल्या नावात तोच ऱ, र आणि नुक्ता असा फुटलेला असतो. दिसायला सगळं सारखं, पण उबंटू बाइट मोजतं, म्हणून त्याच्या लेखी या वेगवेगळ्या फाइली. एक्सपीत तर गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय वेगळी चालू केल्याशिवाय देवनागरी नाव धड दिसतच नाही. मी 'येणे' मध्ये टाकतानाच नाव रोमन आणि आखूड करून टाकतो: जॉब नंबर, एक शब्द, बास. भाषेवरचं प्रेम फाइलच्या आत दाखवायला भरपूर जागा आहे.

हे सगळं तुमच्या परिस्थितीपुरतं. आतलं विंडोज एक्सपीऐवजी १० किंवा ११ असतं, तर मी उत्तर उलटं दिलं असतं: फाइली उबंटूवर, दार एकच, साम्बाचं, आणि आतलं विंडोजही इतर मशीनसारखंच साम्बातून येणार. मग कुणी काय उघडलंय ते एकाच वहीत राहतं. आत-बाहेर दोन्हीकडे लिनक्स आणि केव्हीएम (लिनक्समधलीच व्हर्च्युअल मशीनची सोय) असतं, तर व्हर्टिओ-एफएस वापरायला सांगितलं असतं. ते याच कामासाठी बनवलेलं आहे आणि लिनक्स कर्नलमध्ये ५.४ पासून आहे. पण अकाउंटिंगचा किंवा कुठलाही डेटाबेस, मग आत-बाहेर काहीही असो, शेअर्ड फोल्डरमधून चालवू नका. तो लॉकवर, म्हणजे 'ही नोंद सध्या माझ्याकडे आहे' या कुलपावर, जगतो, आणि भिंतीच्या खिडकीतून लॉक पोचतीलच असं नाही.

आणखी एक. आजचा जॉबचा फोल्डर उबंटूवर जसा आहे तसाच, रीड-ओन्ली करून, निदान दोन महिने राहू द्या. नव्या डी ड्राइव्हवर सगळं उतरवलंत की जुन्यातला जुना एक जॉब निवडा. भरपूर फोटोंचा, आज कुणाच्याच लक्षात नसलेल्या फॉन्टमधला. तो उघडा, एक पान पोस्टस्क्रिप्ट करून 'जाणे' मध्ये टाका आणि कागदावर काढून बघा. तो नीट उतरला नाही, तर कुठे अडला ते एररच्या शब्दांसकट लिहा, पुढचं बघू.